खर्डा, ११ मार्च १७९५ : चंद्र उगवेपर्यंत

खर्ड्याची लढाई शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. सगळे मराठे सरदार शेवटचे एकत्र आले आणि निजाम हरला. निजाम हरला हे खरंच आहे. पण दिवसभराच्या लढाईत त्याची फौज मोडली नव्हती. ती मोडली रात्री, समोर शत्रू नसताना, स्वतःच्याच बंदुकांच्या आवाजानं. लाखाच्या घरातलं लष्कर सकाळी माळावर विखुरलेल्या भांड्याकुंड्यांसारखं पडलेलं सापडलं. हे कसं झालं, याचं उत्तर तोफांच्या आकड्यांत मिळत नाही. ते माणसाच्या छातीत, घशात आणि डोळ्यांत शोधावं लागतं.

बखरी प्रहर मोजतात, घड्याळ नाही. पण साताऱ्याच्या दरबारात राहिलेला स्कॉटिश इतिहासकार ग्रँट डफ १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात एक फार उपयोगी खूण ठेवून गेला आहे: चंद्र उगवला, तेव्हा निजामानं किल्ल्याचा आसरा घेतला. होळी होऊन पाच-सहा दिवस झाले होते. वद्य पक्षातला तो चंद्र रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास वर येणार. पुढचे सगळे तास त्या चंद्रोदयापासून मागे मोजले आहेत, अर्थात अदमासानं.

चंद्रोदयाला काही दिवस बाकी

निजाम अली खान बीदरहून निघाला तो मांजरेच्या काठाकाठानं. हा सगळा मुलूख त्याचाच, आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘मोगलाई’. उदगीर त्याच टापूत. ३५ वर्षांपूर्वी, १७६० च्या फेब्रुवारीत, सदाशिवरावभाऊंनी याच निजाम अलीला तिथे कोंडीत पकडलं होतं. तेव्हा तो पंचविशीतला होता. आता नुकतीच एकसष्टी उलटलेली. बरोबर जनानखाना, दिवाण मुशीरुल्मुल्क, रेमाँ नावाच्या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी, पठाण, एलिचपूर-कर्नूलच्या नबाबांची पोरं, आणि बायकांच्या दोन पलटणीसुद्धा. ‘जफर पलटण’ म्हणत त्यांना. कवायत शिकलेल्या, बंदूक खांद्यावर घेऊन चालणाऱ्या बायका. पुढे एका इंग्रजानं लिहून ठेवलं की त्या दिवशी त्या बाकीच्या फौजेपेक्षा काही वाईट वागल्या नाहीत. टोमणा फौजेला आहे की कौतुक बायकांचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

भांडण चौथाईच्या थकबाकीचं. पण हैदराबादच्या दरबारात त्याला मस्करीचा रंग चढला होता. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचं सोंग दरबारात आणून हशा पिकवला गेला होता. पुणं जाळू, पेशव्याला लंगोटी लावून हातात लोटा देऊन काशीला पाठवू, असली भाषा चालली होती. माणसं लढाईआधी असं का बोलतात, हे लष्करातल्या कुणालाही विचारा. पोटात गोळा आलेला असला की तोंड जरा जास्तच चालतं.

मोहरीचा घाट उतरताना पहिली चकमक झाली. हरिपंत फडक्यांचे चिरंजीव बाबा फडके पेशव्यांची हुजुरात घेऊन आडवे आले. त्यांना मागं रेटलं गेलं. निजामाच्या तळावर त्याचे नजराणे झाले.

सोळा तास बाकी

पहाटे फौज खर्ड्याहून परांड्याच्या रोखानं निघाली. मार्चचा दुसरा आठवडा, बालाघाटाचा उतार, उघडा माळ. लाखभर माणसं, त्याहून जास्त जनावरं आणि बाजारबुणगे. अशा वेळी ओढ्यातलं पाणी आघाडीच्या वाट्याला येतं. पिछाडीला चिखल.

शिपायाच्या शरीराची लढाई इथूनच सुरू झालेली असते. शत्रू अजून दिसलेला नाही, पण तो आहे हे माहीत आहे, एवढं पुरतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या दोन ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडतात. नाडी वाढते, श्वास उथळ होतो, पचन थांबतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे जातं. तोंड कोरडं पडतं. वारंवार लघवीला लागतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९१५ साली हे सगळं एका पुस्तकात मांडलं: प्राणी धोका दिसताच झुंजायला किंवा पळायला तयार होतो, आणि दोन्हींची तयारी अगदी एकसारखी असते. शिपायाच्या नशिबी मात्र या तयारीनिशी तासन्‌तास नुसतं चालणं असतं. घामानं अंगातलं पाणी जातंच. वजनाच्या शंभरातल्या दोन भागांइतकं गेलं तरी लक्ष लागेनासं होतं, आणि तहान लागल्याचं कळेपर्यंत ते गेलेलंच असतं.

अकरा तास बाकी

उजव्या हाताला मराठे दिसले. निजामानं आपला हत्ती थांबवला, सामानसुमान डावीकडे हलवलं, घोडदळ आणि रेमाँच्या पलटणी पुढं काढल्या. समोर मराठ्यांचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन मध्यावर, उजवीकडे नागपूरकर रघूजी भोसले, डावीकडे शिंद्यांच्या पलटणी.

परशुरामभाऊ थोडे स्वार घेऊन टेहळणीला पुढं गेले आणि लालखान नावाच्या बलुची पठाणानं त्यांच्यावर घोडी घातली. त्यानं स्वतःच्या हातानं भाऊंना घोड्यावरून पाडलं, जखमी केलं. वडील पडलेले पाहून मुलगा हरिपंत पुढं झाला आणि त्यानं लालखानाला तिथल्या तिथे मारलं. पण पठाण हटले नाहीत. मराठ्यांची आघाडी मागं सरकली, आणि तिच्या मागं सरकण्यानं मागच्यांचा धीर सुटला. बाबा फडके कित्येक कोस पळाले. हजारो स्वार त्यांच्यामागून.

ही गोष्ट आपल्याकडे जरा हळू आवाजात सांगतात. मला ती रात्रीइतकीच महत्त्वाची वाटते. हे पळालेले स्वार भेकड नव्हते. यातल्या अनेकांनी टिपूवरच्या मोहिमा केल्या होत्या. पण ज्याला पुढचं काही दिसत नाही, त्याला फक्त परत येणारे चेहरे दिसतात. फ्रेंच कर्नल आर्दाँ द्यु पिक यानं एकोणिसाव्या शतकात हेच हेरलं होतं: फळी पुढून फुटण्याआधी मागून फुटते. जो प्रत्यक्ष तलवारीला तलवार भिडवतोय त्याच्या हाताला काम आहे. मागचा मोकळा आहे, आणि त्याच्या अंगातलं अ‍ॅड्रिनलिन काम शोधतंय.

मग दुपारीच मराठ्यांचं खर्डं का झालं नाही? कारण उजेड होता. पळणाऱ्याला दिसत होतं की शिंद्यांच्या पलटणी जिथल्या तिथे उभ्या आहेत, त्यांचे सरदार जिवबादादा बक्षींची माणसं हललेली नाहीत, भोसल्यांचं निशाण जागेवर आहे. पळणारा माणूस थांबतो तो कुणीतरी उभा दिसला म्हणून.

आठ तास बाकी

दोन्हीकडच्या कवायती पलटणी बंदुकीच्या टप्प्यात आल्या. निजामाचं घोडदळ त्यांच्या मदतीला ठामपणे पुढं येत होतं. तेवढ्यात रघूजी भोसल्यांनी बाणांचा वर्षाव केला, आणि शिंद्यांच्या पदरचा फ्रेंच सेनानी पेराँ यानं उंचवट्यावर मांडून ठेवलेल्या ३५ तोफा एकदम सुटल्या. हे बाण म्हणजे बांबूला बांधलेली दारूची नळी. नेम असा फारसा नसतो. फुरफुरत, शेपूट सोडत, कुठंही वळत येतो. घोड्याला तो सापासारखा दिसत असेल. निजामाचं घोडदळ क्षणात विस्कटलं.

रेमाँच्या पलटणी मात्र उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्याच राहिल्या नाहीत, पेराँच्या पलटणींवर त्यांनी थोडी सरशीही केली. का, याचं कारण त्यांच्या हातांत होतं. तोंडाकडून भरायची बंदूक चालवायची म्हणजे काडतूस दातानं फोडायचं, दारू ओतायची, गोळी घालायची, गजानं ठासायची, चाप ओढायचा. घाबरलेल्या माणसाच्या बोटांना बारीक काम जमत नाही. नजर अरुंद होते, नळीतून बघितल्यासारखं दिसतं, शेजारचा बार ऐकूसुद्धा येत नाही. म्हणून कवायत. मनानं सोडलं तरी हातानं सोडू नये, म्हणून तेच तेच शेकडो वेळा करून घेतात. खांद्याला खांदा लागलेला असणं हासुद्धा कवायतीचाच भाग. त्या स्पर्शानं जेवढा धीर येतो तेवढा सेनापतीच्या भाषणानं येत नाही.

सहा तास बाकी

आणि इथे निजामानं लढाई घालवली.

तो स्वतः खर्ड्याकडे मागं फिरला होता. रेमाँला माघारीचे हुकूम सुटले. एक नाही, पुन्हा पुन्हा, निक्षून. तो यायला तयार नव्हता. शेवटी आला. जनानखाना तोफांना घाबरला, बेगमेनं हट्ट धरला म्हणून नवाब मागं फिरला, अशी कथा पुढे पसरली. असेल. पण पराभव झाला की तो बायकांच्या नावावर मांडायची आपल्याकडे जुनी खोड आहे, आणि हत्तीवर बसलेल्या एकसष्ट वर्षांच्या माणसाच्या छातीतही तेच हृदय धडधडत असतं.

ज्या पलटणी जिंकत होत्या त्यांना पाठ फिरवायला लावलं, त्याचा परिणाम नकाशावर दिसतो त्याहून शरीरावर जास्त होतो. जोर ओसरला की उलटी लाट येते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं, डोळ्यांवर झापड येते. काहींना रडू फुटतं, काहींना हसू. लढाईनंतरचा पहिला तास सैनिकाचा सगळ्यात दुबळा तास असतो. शहाणा सेनापती त्या तासात माणसांना पाणी पाजतो, मोजतो, नावानं हाका मारतो, पहारे लावतो. निजामाच्या फौजेला त्या तासात अनोळखी माळावरून अंधाराच्या दिशेनं मागं चालायचं होतं.

पाच तास बाकी

सूर्य मावळला. माघारीचा हुकूम रेमाँच्या सगळ्या तुकड्यांना पोचेपर्यंत अंधार पडायला लागला होता. इकडून तिकडून गोळीबार अजून चालूच. ग्रँट डफ सांगतो की रेमाँच्या पलटणी सोडल्या तर आपली तुकडी कुठली हेच कुणाला उमगत नव्हतं. बैल, हत्ती, पालख्या, जखमी, तोफा, आचारी, सगळं एकमेकांत. प्रत्येकजण कुणाला तरी हाका मारतोय.

यातलं एक नुकसान फार मोठं आहे. आपला जमादार, आपला शेजारी, आपलं निशाण हरवलं की शिपायाचा धीर निम्म्यावर येतो. त्याला भीतीची वाटणी करायला कुणी उरत नाही.

तीन तास बाकी

ओरडून ओरडून, चालून चालून माणसं जागच्या जागी बसली. मग आडवी झाली. जेवण कुठलं, आणि पाणी तर मुळीच नाही. जो तो उजाडायची वाट बघत पडला. रेमाँचे शिपाई ज्या फळीत लढले त्याच फळीत झोपले, बंदुका भरलेल्या, हाताशी.

या भरलेल्या बंदुकीकडे नीट बघायला हवं. आजच्या रायफलचं मॅगझीन काढून नळीतली गोळीही बाहेर काढली की ती मुकी होते, आणि लढाईहून परतल्यावर हत्यार रिकामं करून दाखवल्याशिवाय जवानाला आत सोडत नाहीत. १७९५ च्या बंदुकीत एकदा बार ठासला की तो काढायचा सोपा मार्ग एकच, उडवणं. नाहीतर गजाला फिरकी लावून गोळी ओढत बसा, तेही अंधारात. कुणी बसत नाही. शिवाय शत्रू जवळ असताना बंदूक भरलेलीच असावी, हे शहाणपणच. म्हणजे त्या रात्री माळावर हजारो चाप एका बोटाच्या अंतरावर होते, आणि त्या बोटांचे मालक गाढ झोपले होते.

ती झोपही साधी नव्हती. दिवसभराच्या ताणानंतर माणूस दगडासारखा कोसळतो, पण अंगातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरलेलं नसतं. शरीर झोपतं, पहारा झोपत नाही. पहिल्या दीड-दोन तासांत झोप सगळ्यात खोल असते. त्या खोलीतून एकदम वर ओढलेल्या माणसाचं डोकं ताळ्यावर यायला काही मिनिटं लागतात, कधी अर्धा तासही. तो उठतो, धावतो, बोलतो, चाप ओढतो, पण विचार करणारा भाग अजून खालीच असतो.

एक तासाहून कमी

मराठ्यांचा एक लहानसा छबिना घोड्यांना पाणी दाखवायला निघाला होता. हल्ला करायचा त्यांचा विचार नव्हता. घोडी तहानलेली होती, एवढंच. अंधारात ते एका ओढ्यापाशी आले. ओढ्याकाठी निजामाची एक टोळी पडलेली. त्याच कारणासाठी असणार, पाण्यासाठी. टोळीला चाहूल लागली आणि तिनं बार काढले.

जवळच रेमाँचे पहारेकरी होते. त्यांनी ऐकलं, त्यांनीही झाडल्या.

आणि मग अख्खी फळी झोपेतून उठली आणि तिनं जशा होत्या तशा बंदुका उडवल्या. कुणावर? कुणावरच नाही. मोठा आवाज कानी पडला की सेकंदाच्या विसाव्या भागात पापणी मिटते, मान खांद्यांत शिरते, मुठी आवळल्या जातात. मुठीत चाप असला तर तोही आवळला जातो. पुढचा निर्णय माणूस घेतच नाही. शेजाऱ्यानं झाडली, म्हणजे त्याला काही दिसलं असणार. त्यालाही तेच वाटलेलं असतं. पोलीस आणि लष्कर आजही या साथीला फार भितात. एकानं गोळी चालवली की दहाजण चालवतात, आणि नंतर विचारलं तर प्रत्येकजण शपथेवर सांगतो की समोर शत्रू होता.

डोळ्यांचंही असंच. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि बंदुकीच्या तोंडाचा एक लखलखाट ती सगळी कमाई घालवतो. म्हणजे त्या पहिल्या फैरीनंतर माळावरचा प्रत्येक माणूस आंधळा झाला होता, आणि कानठळ्यांनी बहिराही. त्यात मागे पडलेल्या लाखभर माणसांनी फक्त आवाज ऐकला: हजारो बंदुका, आपल्याच तळाच्या मधोमध. मराठे आत घुसले, याखेरीज दुसरा अर्थ त्यांना लागणं शक्यच नव्हतं.

दुपारी तोफांपुढं उभे राहिलेले रेमाँचे शिपाईसुद्धा आता फळी सोडून गर्दीत मिसळले. दुपारचीच माणसं, तीच कवायत. पण खांद्याला लागणारा खांदा दिसत नव्हता, आणि उभं कोण आहे ते बघायला उजेड नव्हता. रेमाँ स्वतः ठाम होता, जागा राखायची त्याची तयारी होती. ऐकायला कुणी नव्हतं.

चंद्रोदय

चंद्र वर आला. उजेडानं धीर यायचा, तो इथे आला नाही. त्यानं फक्त पळणारे दाखवले. गांगरून गेलेला निजाम अली खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. १७४३ साली निंबाळकरांनी बांधलेला हा चौकोनी भुईकोट. निंबाळकर त्याचेच सरदार, भिंती भक्कम, पण लाखभर माणसांच्या तहानेसाठी कुणी बांधलेला नाही. बाहेर राहिलेल्यांनी आपल्याच फौजेचं सामान लुटलं आणि वाट फुटेल तिकडे निघाले. घरची वाट पूर्वेला, बालाघाटातून.

नंतर

सकाळी मराठ्यांनी पाहिलं तर तोफा, गाड्या, तंबू सोडून दिलेले. पळणाऱ्यांना पेंढाऱ्यांनी गाठलं आणि लुटीची लूट केली. कुणी हातसुद्धा उगारला नाही. आदल्या दुपारी हीच माणसं लढत होती. त्यांच्यात आता लढायला काही शिल्लक नव्हतं, आणि ही थकव्यापलीकडची अवस्था सैन्याच्या डॉक्टरांना पुढे चांगलीच ओळखीची झाली. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्सनं ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हे नाव छापलं. डॉक्टर हळूहळू शिकले की अशा माणसाला आघाडीच्या जवळच, लगेच, दोन दिवस झोप, गरम जेवण आणि ‘तू परत जाणार आहेस’ हा भरवसा दिला तर बरेचजण सावरतात. त्याच युद्धात ब्रिटिशांनी पळाल्याच्या, भेकडपणाच्या किंवा तशाच आरोपांखाली आपल्याच तीनशेहून अधिक शिपायांना गोळ्या घातल्या, आणि २००६ साली त्यांना माफी दिली. खर्ड्याच्या माळावर यातलं काहीच नव्हतं, ना औषध, ना खटला. पेंढारी होते.

किल्ल्यात कोंडलेला निजाम पाण्याला महाग झाला आणि मार्च संपायच्या आत तहाला आला. दौलताबादसह परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये, आणि सगळ्यात झोंबणारी अट म्हणजे मुशीरुल्मुल्क स्वतः पुणेकरांच्या हवाली. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या गादीच्या भांडणात यातलं बहुतेक सगळं निजामानं परत मिळवलं. तो भाग वेगळा.

प्रत्यक्ष लढाईत दोन्हीकडची माणसं फार थोडी पडली होती. पुण्यात मात्र विजयाचा गजर. वीस वर्षांच्या पेशव्याचा, सवाई माधवरावांचा चेहरा उतरलेला पाहून नानांनी कारण विचारलं, असं ग्रँट डफ सांगतो. पेशव्याच्या उत्तराचा आशय असा होता की मोगलांनी इतक्या लाजिरवाण्या रीतीनं शरण यावं, आणि आपल्या शिपायांनी काही न करता मिळालेल्या जयाच्या बढाया माराव्यात, म्हणजे दोन्हीकडे किती घसरण झाली असेल. पोरगा शहाणा होता. पण परशुरामभाऊ पडल्यावर आपली किती माणसं किती कोस पळाली, हे त्याला कुणी नीट सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.